पंक्तींतील राहू : नळाच्या पाण्याची पारख

पावसाळ्याच्या तोंडीं सकाळीं नळाला पाणी येतें, घरची बाई तोटीखालीं घागर लावते, आणि घागर अर्धी भरते न भरते तोंच तिचा हात थबकतो. कालपर्यंत स्वच्छ असलेलें पाणी आज पिवळसर दिसतें, किंवा त्याला मातकट वास येतो, किंवा घोट घेतांच जिभेला कांहींतरी परकें लागतें. 'हें पाणी प्यावें कीं ओतून द्यावें?' असा प्रश्न ती आंत कोणाला तरी विचारते; आणि घरांतील वडील माणूस वर्तमानपत्र खालीं न ठेवतां 'दोन दिवसांत निवळेल' असें सांगून मोकळा होतो. प्रश्न लहान दिसतो. परंतु तो आपल्या देशांत हजारों वर्षें विचारला गेला आहे, आणि त्याचें उत्तर चुकल्यामुळें किती घरांवर घाला पडला याची गणती नाहीं. आज त्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा असा माझा विचार आहे.

इतिहास सांगावयाचा तर कोठें तरी पाय रोंवून उभें राहिलें पाहिजे. त्यासाठीं मीं देवळाली प्रवरा हें गांव निवडलें आहे. पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत राहुरी तालुक्यांत हें नगर आहे. नाशिकजवळच्या देवळालीहून तें निराळें ओळखूं यावें म्हणून कीं काय, नदीचें नांवच तें आपल्या नांवांत वागवितें. ही नदी सह्याद्रींत रतनगडाच्या परिसरांत उगम पावते, अकोलें व संगमनेर यांवरून पूर्वेकडे वाहते, आणि नेवाशाच्या पुढें टोक्याजवळ गोदावरीस मिळते. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत मोहिनीनें देवांना वाढलें तें नेवाशास, अशी तेथील मोहिनीराजाची कथा आहे. त्या पंक्तींत राहू देवाचें रूप घेऊन बसला. दिसण्यांत कांहीं उणें नव्हतें. वाढणाऱ्या हातानें त्यालाहि अमृत वाढलें. चंद्रसूर्यांनीं साक्ष दिली तेव्हां कपट उघडकीस आलें आणि विष्णूनें त्याचें शिर उडविलें. तें शिर जेथें पडलें ती राहुरी, असें या भागांत सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, कथेंतील बोध मात्र पाण्याला तंतोतंत लागू पडतो. पंक्तींत बसलेला राहू नुसता पाहून ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं साक्षीदार लागतात.

या खोऱ्यांतील माणसाचें पाण्याच्या भांड्याशीं नातें फार जुनें आहे. संगमनेरजवळ जोर्वे येथें १९५०-५१ मध्यें उत्खनन झालें. तेथें सांपडलेल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगांतील एका मोठ्या कालखंडाला जोर्वे संस्कृति हें नांव मिळालें. त्या भांड्यांत लांब तोटीचीं भांडीं विशेष प्रसिद्ध आहेत. म्हणजे सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींहि प्रवरेकांठच्या गृहिणीला तोटी ओळखीची होती. पाण्याची परीक्षा करण्याचीं तिचीं साधनें तीं आपलींच : डोळे, नाक आणि जीभ. आपल्या भाषेंत या परीक्षेचे निकाल अजून शिल्लक आहेत. पाणी गोडें असतें, खारें असतें, मचूळ असतें. जड असतें, हलकें असतें. एकाला मानवतें, दुसऱ्याला बाधतें. डाळ शिजेना कीं पाणी जड, हें सांगावयास प्रयोगशाळा लागत नसे. त्यांत तथ्यहि आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत विहिरीच्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, आणि चुना डाळीच्या सालींतील द्रव्याशीं संयोग पावून ती मऊ होऊं देत नाहीं. साबणाला फेंस न येणें आणि तपेल्याच्या तळाशीं पांढरें किटण धरणें हीं त्याच क्षारांचीं लक्षणें होत.

गढूळपणावरचे उपायहि असेच जुने. सुश्रुतसंहितेंत गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तु सांगितल्या आहेत; त्यांत निवळीचें बीं, कमळाचा कंद, शेवाळाचें मूळ, मोतीं आणि वस्त्र हीं येतात. निवळीचें बीं मडक्याच्या आंतील बाजूस उगाळण्याची चाल आजींच्या पिढीपर्यंत चालत आली, आणि तुरटी फिरविण्याची चाल तर आजहि आहे. पुरांतील मातीचे कण इतके सूक्ष्म असतात आणि समान विद्युद्भारामुळें एकमेकांना असे दूर लोटतात कीं, ते आपोआप तळाशीं बसत नाहींत. निवळीच्या बियांतील द्रव्य किंवा तुरटींतील ॲल्युमिनियम हें वैर मोडतें; कण एकत्र येतात, त्यांचे पुंजके होतात आणि खालीं बसतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आज जें पहिलें काम चालतें तें तत्त्वतः हेंच.

राज्यकर्त्यांनीं नळ बांधले तेव्हां त्यांनींहि हीच दृष्टि ठेवली. अहमदनगर शहर १४९० मध्यें वसलें, आणि निजामशाहीच्या काळांत कापूरवाडी, शेंडी अशा ठिकाणांहून मातीच्या खापरी नळांनीं त्या शहरांत पाणी खेळविलें गेलें. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचें पाणी पुण्यांत आणलें. तेथें एकाखालीं एक असे दोन तलाव आहेत. वरच्यांत गाळ बसावा आणि निवळलेलें पाणी खालच्यांत उतरावें अशी ती योजना. पुढें १८६० मध्यें मुंबईस विहार तलावाचें पाणी लोखंडी नळांनीं आलें. या सर्व कामांनीं पाणी घराजवळ आलें हें खरें. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. आडावर जाणारी बाई आडाचा कांठ, आंतलें पाणी, बाजूची मोरी, सारें डोळ्यांनीं पाहत असे. नळ आला आणि उगम दृष्टीआड झाला. तेव्हांपासून पाण्याविषयीं घराला जें कळतें तें तोटींतून बाहेर पडल्यानंतर.

येथपर्यंतची कहाणी दिसणाऱ्या दोषांची झाली. आतां राहूची ऐका.

पायऱ्यांची बारव ही आपल्याकडील शिल्पकलेची शोभा. तिचें पाणी थंड, नितळ आणि कित्येक ठिकाणीं गोड. याच पाण्यानें महाराष्ट्रांतील हजारों माणसांना नारूची व्याधि दिली. नारू झालेला मनुष्य पायरीवरून पाण्यांत उतरे; त्याच्या पायाच्या फोडांतून कृमीचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत सुटत; सायक्लॉप्स नांवाचे बारीक जलकीटक तीं गिळीत; आणि तें पाणी पिणाऱ्याच्या शरीरांत हातभर लांबीचा कृमि वाढून सुमारें वर्षानें पायांतून बाहेर निघे. पाण्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव उत्तम, आणि शिक्षा एक वर्षानंतर! कारणाचा आणि कार्याचा संबंध कोणाला लागावा? रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेन्को यानें १८७० मध्यें जलकीटकांचा हा दुवा शोधला. भारतानें १९८३-८४ मध्यें नारूनिर्मूलनाची मोहीम हातीं घेतली तेव्हां ज्या सात राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्र एक होतें. पायऱ्यांच्या विहिरींत माणसें उतरणार नाहींत अशी व्यवस्था झाली, आणि घरोघर पाणी फडक्यांतून गाळण्याचा आग्रह धरला गेला. देशांतील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला. सुश्रुतानें सांगितलेलें वस्त्र असें अडीच हजार वर्षांच्या परंपरेनंतर कामास आलें.

पटकीची गोष्ट याहून दारुण. लंडनमध्यें १८५४ च्या उन्हाळ्याअखेर ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोंवतीं पटकीनें सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी केली. दूर हॅम्पस्टेड भागांत, जेथें साथ नव्हती, एक विधवा पटकीनें मेल्याचें त्यांना कळलें. शोध घेतां असें दिसलें कीं, तिला त्या पंपाच्या पाण्याची चव फार आवडे, म्हणून तिचीं मुलें रोज बाटली भरून तें तिच्याकडे पाठवीत. ज्या पाण्याला तिची जीभ सर्वोत्तम म्हणत होती त्यानेंच तिचा प्राण घेतला. रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ मध्यें कलकत्त्याच्या तळ्यांच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखवून दिले, तेव्हां या राहूचा चेहरा जगाला दिसला. आणि येथेंहि वस्त्र अगदींच निरुपयोगी नाहीं. बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक पदरांतून पाणी गाळल्यानें पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, असें २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. निम्मीच घटली, हें मात्र विसरतां कामा नये.

पाण्याची पारख करण्याची आणखी एक रीति आपल्या समाजांत होती, आणि तिचा उल्लेख टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पाणी कसें आहे हें न पाहतां त्याला कोणाचा हात लागला हें पाहण्याची ती रीति. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्यानंतर सनातन्यांनीं तळ्याची 'शुद्धि' केली ती त्यांत पंचगव्याच्या घागरी ओतून. ज्या पाण्यांत दोष नव्हता त्यांत शेण व गोमूत्र घालून तें शुद्ध झाल्याचें मानलें गेलें! मुंबई उच्च न्यायालयानें १९३७ मध्यें निकाल अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या बाजूनें दिला. डोळा फसतो, जीभ फसते. पण खोट्या साक्षीदारानें केलेली फसवणूक सर्वांत लांच्छनास्पद.

आतां पुन्हां प्रवरेकडे वळूं. राहुरीचा टापू पर्जन्यछायेंतील. वर्षाचा पाऊस सुमारें वीस इंच, तोहि बेभरंवशाचा. एकोणिसाव्या शतकांतच प्रवरेवर ओझर व लाख येथें लहान कालवे निघाले होते. पण खरा पालट झाला तो भंडारदऱ्याच्या धरणानें. त्याचें काम १९१० मध्यें सुरू झालें आणि १९२६ च्या डिसेंबरांत गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. दोनशें सत्तर फूट उंचीच्या त्या भिंतीमागें सह्याद्रीचा पाऊस सांठूं लागला, आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या व उजव्या कालव्यांनीं तो या कोरड्या मुलखांत आला. ऊस आला, साखरेचे कारखाने आले, गांवें वाढलीं. दुष्काळांत देशोधडीला लागणारा हा मुलूख सुखी झाला, याबद्दल कालव्याचे उपकार मानावे तितके थोडे.

परंतु कालव्यानें विहिरींची चव बदलली. पाणी जमिनींत मुरलें, भूजलाची पातळी वर आली, आणि जेथें निचरा नव्हता तेथें काळ्या मातींतील क्षार पृष्ठभागाशीं आले. शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणतो ती अशी तयार झाली. दख्खनच्या कालव्यांवरील या पाणथळीचा व निचऱ्याचा अभ्यास सर क्लॉड इंग्लिस यांनीं धरण पुरें होण्याच्या आसपासच्याच काळांत केला होता. तेव्हां संकट अज्ञात होतें असें म्हणतां येत नाहीं. कालव्याच्या टापूंत गोड्या विहिरी मचूळ झाल्या हें जिभेला कळलें, आणि जीभ या वेळीं खरें बोलली. पण मागून जें आलें तें तिला कळलें नाहीं. उसाला घातलेल्या नत्रयुक्त खतांचा कांहीं अंश नायट्रेटच्या रूपानें भूजलांत उतरतो. नायट्रेटला रंग नाहीं, वास नाहीं, पिण्याच्या पाण्यांत आढळणाऱ्या प्रमाणांत चवहि नाहीं. तान्ह्या मुलाच्या शरीरांत मात्र तें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी करतें आणि मूल निळें पडूं लागतें. म्हणून भारतीय मानकानें लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा घातली आहे. आणि हें ध्यानांत ठेवा कीं, उकळल्यानें जंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं. पाणी आटतें तसें त्याचें प्रमाण उलट वाढतें. वरच्या दुधांत विहिरीचें पाणी घालणाऱ्या घरानें ही एक गोष्ट जरी लक्षांत ठेवली तरी माझें बोलणें सार्थकीं लागेल.

राहूला देव समजण्याची चूक आपण पाहिली. तिची उलट बाजूहि आहे. देवाला राहू समजून पंक्तींतून उठविण्याची चूक आपण तितक्याच सहजपणें करतों. आग्र्याचे रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनीं १८९० नंतरच्या दशकांत पटकीच्या साथींत विहिरींत परमँगनेट घालण्याची पद्धति रूढ केली. पाणी गुलाबी होई. त्या काळांत सरकार विहिरींत विष कालवितें अशा वावड्या उठत. अशा वेळीं रंगलेल्या पाण्याकडे लोकांनीं संशयानें पाहिलें तर नवल नाहीं. पुढें क्लोरीन आला. भारतीय वैद्यकीय सेवेंतील व्हिन्सेंट नेसफील्ड यांनीं १९०३ मध्यें त्याचा उपयोग सुचविला. इंग्लंडांतील लिंकन शहरांत विषमज्वराच्या साथीनंतर १९०५ मध्यें, आणि अमेरिकेंतील जर्सी शहरांत १९०८ मध्यें तो नित्य वापरांत आला. त्याच्या औषधी वासाला कंटाळून कित्येक कुटुंबें आजहि नळाचें पाणी सोडून जवळच्या 'गोड' विहिरीकडे वळतात. पण नळाच्या शेवटच्या टोंकाशीं लिटरमागें किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा असा जो नियम आहे, त्याचा अर्थ एवढाच कीं पहारेकरी दारापर्यंत जागा आहे. हा वास नकोसा वाटला तर पाणी स्वच्छ, रुंद तोंडाच्या भांड्यांत कांहीं वेळ जाळीदार झांकणाखालीं ठेवावें; तो उडून जातो.

तर मग सकाळच्या त्या घागरीचें काय करावें? तोटींतून दुधासारखें पांढरें पाणी आलें तर तें पेल्यांत धरून मिनिटभर थांबावें. खालून वर निवळत गेलें तर ती दाबाखालीं मिसळलेली हवा होय. तिच्यांत कांहीं अपाय नाहीं. पाणी खंडित झाल्यावर प्रथम येणारें तांबूस पाणी बहुधा लोखंडी नळाच्या गंजाचें असतें. तथापि एक धोका त्याच वेळीं असतो : नळ रिकामा असतां फुटक्या सांध्यांतून बाहेरचें सांडपाणी आंत शिरूं शकतें. म्हणून पहिलें पाणी नेहमीं झाडांना किंवा धुण्याला द्यावें आणि स्वच्छ आल्यावर पिण्याचें भरावें. उन्हाळ्यांत साठवण तलावांतील पाण्याला मातकट वास येतो तो सूक्ष्म शेवाळापासून होणाऱ्या जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसांत मातीच्या ज्या गंधानें आपण हरखतों त्यांतहि हेंच द्रव्य असतें. मनुष्याचें नाक तें अत्यल्प प्रमाणांत ओळखतें. त्या वासानें रोग होत नाहीं. पण शेवाळ माजल्याची ती सूचना आहे आणि ती कार्यालयास कळविली पाहिजे. गढूळ पाण्याला तुरटी फिरवावी, निवळलें कीं गाळावें आणि मग उकळावें. क्रम उलटा करूं नये, आणि तुरटी फिरली म्हणजे जंतु मेले असें समजूं नये. मोरीचा किंवा सडक्या अंड्याचा वास अचानक आला, किंवा आळींत दोनचार घरीं एकदम जुलाब सुरू झाले, तर मात्र तें पाणी दिसावयास कितीहि नितळ असो, पिण्यास वर्ज्य.

आणि जेथें कांहींच दिसत नाहीं, कांहींच लागत नाहीं, तेथें? तेथें चंद्रसूर्यांची साक्ष काढावी. आजच्या काळांत त्या दोन अगदीं साध्या परीक्षा आहेत. पाण्याच्या नमुन्यांत ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले असतां तें पिवळें झालें, तर क्लोरीन शिल्लक आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या परीक्षेंत औषधी कुपींत पाणी भरून ठेवतात. एकदोन दिवसांत तें काळें पडलें, तर विष्ठेंतील जंतूंचा संशय धरावा. एक साक्षीदार अभय देतो, दुसरा इशारा देतो. क्षार, नायट्रेट व फ्लोराइड यांसाठीं मात्र नमुना प्रयोगशाळेकडेच पाठविला पाहिजे, आणि घरची विहीर किंवा कूपनलिका असेल तर तें काम नगरपालिकेचें नसून आपलें आहे.

श्रोतेहो, थबकलेल्या हातापासून आपण निघालों होतों. तेथेंच येऊन थांबतों. तो हात थबकला यांत चूक नाहीं. पाण्याचा उगम घरापासून दूर गेल्यावर, मधल्या कोसांत कोठें काय बिघडलें याची पहिली बातमी कित्येकदां त्या बाईलाच लागते. तिचें नाक आणि तिची जीभ निवाडा देऊं शकत नाहींत. पण फिर्याद देऊं शकतात, आणि फिर्यादीवांचून चौकशी सुरू होत नाहीं. पाणी केव्हां आलें, कसें दिसलें, किती वेळ राहिलें, शेजारीं तसेंच होतें काय, एवढें टिपून त्याच दिवशीं कळविलें, तर तें 'दोन दिवसांत निवळेल' या उत्तरापेक्षां शतपट उपयोगी आहे. अमृतवाहिनीच्या कांठीं मोहिनीसारखी वाढणारीण फसली. फरक पडला तो पंक्तींत बसलेल्या दोघांनीं वेळेवर तोंड उघडल्यामुळें.